मधला थर

महिपतने कोयत्याच्या टोकाने सुंभाची गाठ तोडली आणि पहिला झाप धपकन खाली आला. चार महिन्यांची धूळ, कोळ्यांची जाळी आणि एक गबदूल पाल एवढा ऐवज त्याच्याबरोबर उतरला. पाल क्षणभर उजेडात बावरून थांबली आणि मग शेजारच्या झापाखाली सटकली. माजघराच्या खिडकीशी उभ्या असलेल्या सुमतीला तिचा हेवा वाटला.

"हळू रे, हळू," अंगणातल्या खुर्चीवरून सुमतीचे सासरे अण्णा ओरडले. "झाप उतरवायचेत, भिंत नाही."

"हां अण्णा," महिपत म्हणाला आणि त्याने दुसरी गाठ पहिलीपेक्षा जोरात तोडली.

दसरा होऊन तीन दिवस झाले होते. ठाण्यात खाडीच्या अंगाला ज्यांची घरं, त्यांचं हे दरवर्षीचं काम. मृगाच्या आधी पश्चिमेची भिंत नारळाच्या झावळ्यांच्या झापांनी नखशिखान्त झाकायची, कारण पाऊस तिरपा येतो तो तिकडूनच, आणि उघड्या भिंतीचा गिलावा दोन पावसाळ्यांत पापडासारखा सुटतो. दसरा झाला की झाप उतरवायचे आणि भिंतीला ऊन दाखवायचं. इतर घरांतून हे काम एखादा गडी मुकाट्याने उरकून टाकी. अण्णांच्या घरी मात्र त्याचा सोहळा होई. अण्णा मामलेदार कचेरीतून निवृत्त झाल्याला आठ वर्षं झाली होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिसणं जसजसं कमी झालं तसतशी त्यांची जीभ धारदार झाली होती. त्या जिभेला वर्षातून एकदा हक्काचं काम मिळे ते या दिवशी.

त्या जिभेचं गिऱ्हाईक अंगणाच्या कडेला पेरूच्या झाडाखाली उभं होतं. गोविंदा गवंडी. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कापडात गुंडाळलेली थापी काखेत धरून. आल्यापासून त्याने अण्णांना रामराम केला होता, त्याखेरीज तोंड उघडलं नव्हतं. महिपत एकेक झाप खाली टाकत होता आणि गोविंदाची नजर झापाबरोबर खाली न येता भिंतीवरच राहत होती.

ही भिंत त्यानेच बांधली होती, चौदा वर्षांपूर्वी. आणि भिंत वाईट नव्हती. कमरेच्या खाली ती अशी खणखणीत होती की नारळ आपटून फोडावा. खांद्याच्या वर तर तिच्यावर अजून गिलाव्याची पहिली झिलई होती. पण कमर ते खांदा, मधला दीड हाताचा थर दर पावसाळ्यात फुगे, पोपडे टाकी, आणि झाप उतरवले की पिठासारखा पांढराशुभ्र लोणा, भिंतीतून फुटणारा क्षार, या टोकापासून त्या टोकापर्यंत फुललेला दिसे. अण्णा त्याला गोविंदाचा कमरपट्टा म्हणत. "या, बघा, आमच्या भिंतीला गोविंदाने चांदीचा कमरपट्टा केलाय," असं ते दरवर्षी कुंपणापलीकडून जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकवत. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षापर्यंत सगळ्या गावात तो कमरपट्टेवाला गवंडी झाला होता. घराच्या भिंती त्याच्याकडून कोणी बांधून घेईना. चुली, तुळशीवृंदावनं आणि विहिरींचे काठ एवढंच त्याच्या वाट्याला उरलं.

तरी तो दरवर्षी येई, न बोलावता. एका वर्षी त्याने चुन्यात गुळाचं पाणी घातलं, एका वर्षी हिरड्याचा काढा, एका वर्षी गिलावा खरवडून उंडीच्या तेलाचे तीन हात दिले. घरात पंधरा दिवस त्या तेलाचा वास राहिला होता. लोणा मात्र यातल्या कशालाही दाद देत नव्हता.

या खेपेला मात्र नुसत्या थट्टेवर भागणार नव्हतं. कचेरीच्या आवारात नवी इमारत उठायची होती. चुन्याच्या कामासाठी मुख्य गवंडी हवा होता, आणि इंजिनिअर साहेबाने गावातल्या भरवशाच्या माणसाचं नाव हेडक्लार्क हरिहरपंतांकडे, म्हणजे सुमतीच्या यजमानांकडे, मागितलं होतं. नाव आजच द्यायचं होतं. हरिहर पगडी घालून, उपरणं टाकून, ओटीच्या पायरीवर उभाच होता. तो दर दोन मिनिटांनी सूर्याकडे बघत होता.

"माझ्या घरची भिंत कोरडी निघाली तर गोविंदाचं नाव लिही," अण्णांनी सकाळीच निकाल देऊन टाकला होता. "नाही निघाली तर साहेबाच्या इमारतीला कमरपट्टा कशाला? लोक म्हणतील, पंतांनी घरचा आहेर दिला."

म्हणजे गोविंदाचं पुढचं सगळं आयुष्य या दीड हातावर येऊन टेकलं होतं. आणि तो दीड हात कसा निघणार, हे त्या अंगणात एकट्या सुमतीला ठाऊक होतं. तिने पदराखाली उजव्या हाताची बोटं मुठीत दाबून धरली. बोटांच्या चिरांमधली आग तीन दिवस झाले तरी थांबत नव्हती.

दसऱ्याच्या दुपारी सगळे सोनं लुटायला गेले आणि घरात कोणी उरलं नाही, तेव्हा ती केरसुणी, सूप आणि जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन झाप आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरली होती. तीस वर्षांची, दोन मुलांची आई, गावातल्या प्रतिष्ठित घरची सून, आणि कोळिष्टकांत आडवी सरपटत होती! आत ओला, कुबट अंधार होता. लोणा हाताला लागला तो नेहमीपेक्षा जास्तच. तिने तो या टोकापासून त्या टोकापर्यंत खरवडला, झाडला, पुसला, सुपात भरला आणि परसातल्या उकिरड्यात खोल पुरला. शेवटी चुन्याच्या निवळीचा एक हातसुद्धा फिरवला. बाहेर आली तेव्हा केसांत जाळी होती आणि बोटांना मीठ झोंबत होतं. आपण गोविंदासाठी करतो आहोत असं ती मनाला बजावत होती. मन एवढं भोळं नव्हतं.

ही सगळी गोष्ट एका ग्रहणाची होती.

लग्न होऊन ती वाईहून या कुटुंबात आली, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती सोळा वर्षांची होती. नव्या घराची मागची बाजू राहती झाली होती, पुढची अर्धीच उठली होती. वैशाख होता, आडाचं पाणी तळाला गेलं होतं, दोर सोडला की कळशी दगडावर खरवडे. चुन्याच्या कामासाठी परसात हौद बांधला होता. घरातलं वरकड पाणीही त्यातूनच घेत. तो हौद भरायला तीन दिवस लागले होते. आणि त्या पौर्णिमेला चंद्रग्रहण लागलं.

सासूबाईंनी तिच्या हातात दर्भाची जुडी दिली होती. "पाण्याच्या भांड्यांत एकेक काडी घाल. लोणच्यात, तुपात, पिठातही. एकही सोडू नकोस." तिने घागरी, हंडे, तांब्ये, लोणच्याच्या बरण्या, कशाकशात म्हणून काडी घातली. समईच्या तेलातसुद्धा घातली, त्यावरून नणंदा हसल्या होत्या. ग्रहण सुटलं, आंघोळी झाल्या, आणि ओल्या केसांनी परसात आल्यावर तिला हौद दिसला. काठोकाठ भरलेला, आणि त्यात दर्भाची काडी नाही.

मामंजींना सांगावं, तर तीन दिवसांचं पाणी सगळ्यांदेखत आपल्या नावाने ओतलं जाणार. न सांगावं, तर ग्रहणाचं पाणी नव्या घराच्या भिंतीत जाणार, जिथे उद्या आपली मुलंबाळं वाढायची. मग तिने दोन्ही केलं नाही. हौदाचं बूच काढून पाणी केळींना सोडून दिलं आणि रिकाम्या हौदाजवळ रडत बसली.

उजाडता उजाडता विटा वाहणारी शेवंती कामावर आली. कोळीवाड्यातली, मोठ्या गळ्याची, मोठ्या काळजाची बाई. तिने आडात वाकून पाहिलं.

"यात चिखल हाय नुसता. तळं लांब. पर मागं खाडी हाय, बाय. दोघी बहिणींना हाक मारते, घटकाभरात भरून टाकू."

"खाडीचं पाणी चालेल?"

"भिंत काय पंगतीला बसलीया? तिला काय गोड नि काय खारं!"

आणि दोघी हसल्या होत्या. सुमतीच्या माहेरी कृष्णा वाहत होती. खाऱ्या पाण्याने चुना नासतो हे तिला कोण सांगणार?

सांगणारा एकच होता, पण त्याची वाट अण्णांनीच बंद केली होती. कामाच्या पहिल्या दिवशी गोविंदाने हौदात ओंजळ घालून पाणी चाखलं होतं. गवंड्याची रीतच ती. चुना कालवण्याआधी पाणी जिभेवर घ्यायचं. अण्णा ओसरीवरून गरजले होते, "अरे, हौदात हात घालतोस? घरचं पाणी आहे ते. चाखायचं तर दारात ये, आतून मागून घे. आमच्या आडाचं पाणी म्हणजे अमृत आहे, त्यात चाखायचंय काय!" तेव्हापासून गोविंदा रोज सकाळी मागच्या दारात ओंजळ धरून उभा राही. सुमती स्वयंपाकघरातल्या घागरीतून वरून धार सोडी. तो चाखे, "गोड हाय," म्हणे आणि कामाला लागे. पाणी आडाचं ते आडाचंच, मग हौदातलं काय आणि घागरीतलं काय!

ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशीही तिने घागरीतूनच धार सोडली.

"गोड हाय," गोविंदा म्हणाला. त्या दिवशी तो फार खुशीत दिसत होता. काहीतरी सांगायला म्हणून थांबलाही होता, पण ती भीतीने आत निघून गेली.

दोन दिवसांनी वळवाची मोठी सर आली, आडाला पाणी चढलं आणि हौद पुन्हा गोड्या पाण्याने भरला. खाऱ्या पाण्याचं काम झालं ते एकाच दिवसाचं. दीड हाताचं.

पुढच्या दसऱ्याला लोणा फुटला, तेव्हा अण्णांनी घरातल्या प्रत्येकाला विचारलं होतं. ती गप्प राहिली. पहिल्या वर्षी गप्प राहायला धैर्य लागलं. पुढे तर बोलायलाच लागलं असतं, आणि ते तिच्याकडे नव्हतं. शेवंती पटकीच्या साथीत गेली, सासूबाईही गेल्या, आणि ते गुपित सुमतीच्या एकटीच्या पदराला उरलं.

"शेवटचा," महिपत म्हणाला, आणि झाप पडला.

भिंत उभी राहिली. खालपासून वरपर्यंत एकसारखी.

महिपत दोन पावलं मागे सरकून बघू लागला. अण्णांना त्या शांततेचा अर्थ लागेना.

"काय झालं? बोला की. दिसतोय का कमरपट्टा?"

"नाही दिसत," हरिहर म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क आनंद होता. त्याला गोविंदा आवडत असे, हे सुमतीला माहीत होतं.

अण्णा उठले. काठी टेकत भिंतीपाशी आले आणि त्यांनी कमरेच्या उंचीला तळवा टेकवला. तळवा हळूहळू सरकवत ते या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, खांद्याच्या उंचीने परत आले. मग त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली.

"कोरडी," ते म्हणाले. चौदा वर्षं जपलेली थट्टा हातची गेली म्हणून त्यांचा चेहरा पडल्यासारखा झाला होता. "कोरडी आहे बुवा. काय केलंस या वर्षी?"

गोविंदा पुढे आला.

"बरं, मी निघतो मग," हरिहर म्हणाला. "नाव लिहितो, गोविंदा."

सुमतीला हायसं वाटलं. झालं. एका केरसुणीने झालं. दरवर्षी दसऱ्याच्या दुपारी एकदा सरपटायचं, एवढंच. तिने पदराखालची मूठ सोडली.

गोविंदा भिंतीच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता. लोणा फुटला की पायथ्याला पांढरा सडा पडतो. सुकला तरी सडा राहतोच. इथे माती स्वच्छ होती, आणि तिच्यावर बारीक रेघा होत्या, सारख्या अंतरावरच्या, केरसुणी फिरल्यासारख्या. त्याने त्या रेघांवरून बोट फिरवलं. मग उठून कमरेच्या उंचीला गिलाव्याच्या चिरेत नख घातलं, चुन्याचा कण काढला आणि जिभेवर ठेवला.

"पंत," तो म्हणाला, "थांबा."

हरिहर कुंपणाशी पोचला होता. तो वळला.

"भिंत सुकलेली नाय. पुसलीया कुणीतरी."

"पुसलीय?" अण्णा म्हणाले. "कोण पुसेल? आणि तू कशाला सांगतोस? मी हात लावून पाहिलं, मी कोरडी म्हणालो. तुझं काम झालं की!"

"तुमच्या भिंतीला पुसणारं कुणीतरी हाय, अण्णा. सायबाच्या भिंतीला कोण पुसंल?" त्याने थापीचं कापड सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं. "लोणा आत हाय. मला वाटलं या टायमाला मरंल. नाय मेला. दुसऱ्या कुणाचं नाव द्या."

"मग चूक झाली तरी कुठे?" अण्णांचा आवाज नेहमीचा नव्हता. थट्टेला तोंड फुटत नव्हतं, आणि दुसरी भाषा त्यांना सवयीची नव्हती. "खालची भिंत कोरडी, वरची कोरडी. तोच चुना, तो दळणारी तीच घाणी, तोच हात."

"हात तोच, ध्यान नव्हतं." गोविंदा भिंतीशी बोलावं तसं बोलत होता. "ह्यो थर गिराणाच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या पहाटं माझी शकू झाली. मी आनंदात हुतो, चुना कालवताना गाणं म्हणत हुतो. कायतरी चुकलं असंल. आई म्हणते पोरीचा पायगुण. गिराणाची पोर, पयल्याच दिशी बापाचा चुना नासवला. आता सगळी आळी म्हणते. चौदा वर्सांची झाली. दोन स्थळं आली नि भिंतीची गोष्ट ऐकून परत गेली."

तो हे सांगत होता त्यात तक्रार नव्हती. पाऊस किती पडला हे सांगावं तसं त्याने सांगितलं.

सुमतीला त्या सकाळची ओंजळ आठवली, आणि ओंजळीमागचा तो खुशीत आलेला चेहरा. मला मुलगी झाली, एवढंच त्याला सांगायचं होतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. चौदा वर्षं ती समजत होती की आपल्या गप्प राहण्याचा भार एका पुरुषाच्या नावावर पडला आहे, आणि पुरुषाचं नाव ते, निभावून नेईल कसंतरी. कुठे एक पोर तो भार डोक्यावर घेऊन वाढते आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

ती खिडकीपासून निघाली, माजघरातून ओटीवर आली आणि पायऱ्या उतरून अंगणात उभी राहिली. सासऱ्यांसमोर, परक्या पुरुषांसमोर, दिवसाढवळ्या. महिपतने नजर खाली वळवली.

"मामंजी, भिंत मी पुसली."

अण्णांनी आवाजाच्या दिशेला मान वळवली. "तू? का?"

मग तिने सांगितलं. दर्भाची जुडी, राहून गेलेला हौद, केळींना सोडलेलं पाणी, शेवंती, खाडी. घागरीतून सोडलेली धारही सांगितली. सांगायला फार वेळ लागला नाही. चौदा वर्षांच्या मानाने तर अगदीच थोडा. शेवटी तिने उजवा हात पुढे केला. कोणाला दाखवायला, हे तिलाही कळलं नाही. अण्णांना दिसत नव्हतं आणि बाकीच्यांनी बघणं योग्य नव्हतं.

कुंपणापलीकडे एक बैलगाडी थांबली होती. ती पुढे गेल्यावर अण्णा बोलले.

"ग्रहणाचं पाणी ओतलंस ते बरोबर केलंस."

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

तिने उत्तर दिलं नाही. अण्णांनी थोडी वाट पाहिली, आणि मग त्यांना उत्तर मिळालं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी भिंतीला हात टेकला. मघाशी टेकला होता त्याच जागी.

"हरी, तुला उशीर होतोय. जा, नाव लिही."

"कोणाचं लिहू?" हरिहरने विचारलं.

"कोणाचं म्हणून काय विचारतोस?"

हरिहर सुमतीकडे बघत राहिला. बायकोला सोळा वर्षांत प्रथमच पाहावं तसा. त्या बघण्यात राग होता की आणखी काही, हे तिला संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं. मग तो उपरणं सावरत निघून गेला.

गोविंदा जागचा हलला नव्हता. थापी त्याच्या हातात होती आणि कापड जमिनीवर पडलं होतं.

"चौदा वर्सं, वैनीबाई," तो म्हणाला. एवढंच.

यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला सोपं गेलं असतं.

"मी तुझ्या घरी येते," सुमती म्हणाली. "उद्याच. तुझ्या आईला सांगते, शकूला सांगते. तुझ्या आळीतल्या बायकांना बोलावून ठेव."

"तुमी? आमच्या आळीत?"

ती अण्णांकडे वळली नाही. परवानगी मागितली तर नाही म्हणण्याची सोय होते, हे ती एवढ्या वर्षांत शिकली होती. अण्णा नाही म्हणाले नाहीत. त्यांनी घसा खाकरला आणि काठीने मधल्या थरावर दोनदा ठोकलं.

"एवढा थर काढून नवा घालता येईल? वरची भिंत न पाडता?"

गवंडी गवंड्याच्या आवाजात बोलला. "येईल. वरती टेके द्यायचे, हात-हात काढायचा, हात-हात भरायचा. दिवाळीपर्यंत व्हईल."

"मग लाग आजच. चुना महिपत आणेल. पाणी हौदात आहे."

गोविंदा हौदाकडे गेला नाही. चौदा वर्षांची सवय पायांत होती. तो घराला वळसा घालून मागच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याने ओंजळ पुढे केली. सुमती घागर आणायला आत वळली.

"सूनबाई, थांब," अण्णा काठी टेकत त्याच्यामागोमाग परसात येत होते. "गोविंदा, दारात कशाला उभा आहेस? काम हौदातल्या पाण्याने करायचंय ना? मग त्यातलं चाख."

गोविंदा कोणी उलट सांगेल म्हणून थोडा थांबला. मग हौदापाशी गेला. त्याने आधी हात धोतराला पुसले, वाकला, आणि मनगटापर्यंत दोन्ही हात पाण्यात घातले. ओंजळ वर आली. त्याने घोट जिभेवर घेतला, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला. सुमती उंबऱ्यावर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कसं आहे?" अण्णांनी विचारलं.

"मचूळ हाय, अण्णा," गोविंदा म्हणाला. "तुमच्या आडाचं पाणी पयल्यापासून मचूळच हाय. गोड म्हणायचो ते भिडेनं."

अण्णांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पर खारं नाय," गोविंदा म्हणाला. "चालंल." आणि त्याने धोतराचा काचा खोचला.